ओल्या लोकरीचा वास

शुक्रवारी संध्याकाळी ट्राममध्ये शिवराजला ओल्या लोकरीचा वास आला आणि तो दोन थांबे आधीच उतरून गेला. घडलं ते एवढंच. शेजारी एक जाडजूड म्हातारा उभा होता, अंगात करड्या लोकरीचा गुडघ्यापर्यंतचा कोट, कोटावर भुरभुरलेला बर्फ. ट्राममधल्या गरम हवेनं तो बर्फ विरघळला आणि कोटातून वास सुटला. शिवराजनं गर्रकन मान वळवली आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेला, "माय?" म्हाताऱ्याला वाटलं, याला काहीतरी विचारायचंय. त्यानं आपल्या भाषेत दोन-तीन वाक्यं मोठ्या अगत्यानं ऐकवली. तेवढ्यात दार उघडलं आणि शिवराज खाली उतरला. मग पंचवीस मिनिटांची पायपीट, आणि थंडी अशी की नाकातले केससुद्धा ताठ व्हावेत. ऑस्ट्रियातल्या या ग्राझ शहरात येऊन त्याला सहा आठवडे झाले होते. संभाजीनगरच्या कारखान्यातून दोन वर्षांसाठी निवडून पाठवलेला तो एकटाच. शहर त्याला मनापासून आवडलं होतं. ठरल्या मिनिटाला येणारी ट्राम आवडली होती, अनोळखी माणसाशी हसून बोलणारी पाववाली आवडली होती, झाडांच्या काटक्याकाटक्यांवर तोलून राहिलेला बर्फ तर त्यानं दहादा फोटो काढून बायकोला, मोनिकाला, पाठवला होता. अशा या शहरात आपल्याला कुणी ओळखत नाही, याचंही त्याला बरं वाटत होतं. आणि आता इथंही तो वास आला होता. खोलीवर आल्यावर त्यानं स्वतःचं जॅकेट नाकाशी धरून पाहिलं. कसलाच वास नव्हता. तरी त्यानं ते खिडकीबाहेर टांगलं.

वासाचं हे प्रकरण जुनं होतं. शिवराज देवगाव रंगारीच्या एका धनगराचा मुलगा. वडील मल्हारराव आणि आई पारूबाई मेंढरं घेऊन पावसाळा सोडला तर आठ महिने रानोमाळ. सुगी झाली की शेतकरी बोलावणं धाडायचे, आमच्या रानात मेंढ्या बसवा. मग चार-दोन दिवस कळप त्या वावरात बसायचा, लेंड्यांचं खत व्हायचं आणि बदल्यात पायलीभर ज्वारी मिळायची. शिवराज त्या कळपातच वाढला, थंडीच्या दिवसांत मेंढरांच्या पोटाशी पाय खुपसून झोपला. त्याला कधी वास आला नाही. वास पहिल्यांदा आला तो शहरातल्या वसतिगृहाच्या खोलीत, आणि तोही दुसऱ्यांच्या नाकानं. "काय बे, मेंढराचा वास मारायला कुठून?" असं एक जण म्हणाला आणि बाकीचे खिडक्या उघडायला धावले. त्या दिवसापासून शिवराजनं अंगाला साबण इतका चोळला की कातडी सोलवटली. मायला 'आई' म्हणायला लागला तेही तिथंच. पहिला पगार झाला तेव्हा तो तडक शहागंजला गेला आणि अत्तराच्या दुकानात तासभर बसला, दुकानदाराला म्हणाला, "ऐसा दो चाचा, जो उतरेच नहीं." ते लावून गावी गेला तर पारूबाईला ओळीनं सात शिंका आल्या आणि मेंढरं त्याला पाहून बिचकली. ती हसत सुटली होती. "कोन पाहुना आला म्हनावं!" सगळे हसले, तोही हसला. पण हसताना त्याला आतून चांगलं वाटलं होतं, सुटल्यासारखं. ते चांगलं वाटणं त्याला अजून आठवत होतं आणि आता ते आठवण्याची लाज वाटत होती.

कारण रविवार जवळ येत होता. रविवारी चार वाजता देवगावला पुंजाराम बेपारी टेम्पो घेऊन येणार होता आणि पारूबाईची सगळी मेंढरं घेऊन जाणार होता. हे ठरवलं होतं शिवराजनं, इथूनच, फोनवर. मल्हारराव जाऊन चार वर्षं झाली होती. पारूबाई एकटी मेंढरं राखत होती आणि गेल्या श्रावणात नाल्यात पाय घसरून पडली होती. गुडघा कलिंगडाएवढा सुजला, आणि त्यातही ती तिसऱ्या दिवशी काठी टेकत रानात. मोनिका म्हणाली होती, "आत्याबाईंना इकडं आणा. मी एकटीच तर असते पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये, मलाबी सोबत होईल." मोनिका मनाची चांगली होती, खोटं बोलत नव्हती. सगळं बरोबर होतं. आता रानात फिरणं बंद करा म्हणणारे डॉक्टर बरोबर होते, मोनिका बरोबर होती, पुंजाराम ओळखीचा आणि सरळ माणूस होता. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू म्हनशील तसं." वाद नाही, रडणं नाही. शिवराजला केवढं हलकं वाटलं होतं. पण गेल्या आठ दिवसांत ते तीन शब्द त्याच्या कानात खड्यासारखे अडकले होते. बुटात खडा असला तरी माणूस चालतो, चालता येतं; पण पाय टाकताना दर वेळी तो आहे हे कळतं. आणि त्याला पुंडलिकनगरचा जिना आठवायचा. पारूबाई फ्लॅटवर यायची तेव्हा अंगावरची काळी घोंगडी घडी करून बाहेर जिन्याच्या कठड्यावर ठेवायची, मगच दारातून आत यायची. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. निदान तोंडानं तरी नाही.

अशा मनःस्थितीत शनिवारी सकाळी लुकास त्याला घ्यायला आला. लुकास कारखान्यातला सहकारी, लाल दाढीचा आणि भरपूर हसणारा. "सहा आठवडे झाले आणि अजून तू डोंगर पाहिला नाहीस? चल माझ्या मावशीकडं मुक्कामाला," असं म्हणून त्यानं शिवराजच्या कपड्यांची झडती घेतली, शहागंजला घेतलेले हातमोजे दोन बोटांत धरून उचलले, "हे आइस्क्रीम खायला ठीक आहेत," म्हणाला आणि स्वतःचे जाड हातमोजे त्याच्याकडं फेकले. गाडी दोन तास चढत राहिली. डोंगर म्हणजे शिवराजच्या लेखी गौताळ्याचे डोंगर, म्हैसमाळचं पठार. काळा दगड, वाळलेलं गवत, हिवाळ्यात पहाटेचं धुकं आणि दहा वाजता पाठ भाजणारं ऊन. डोंगर कसाही असला तरी माणूस चालत त्याच्या माथ्यावर जाऊ शकतो, अशी त्याची समजूत. आणि मग एका वळणावर ढग सरकला. समोर जे उभं राहिलं त्याला माथा होता पण तो डोंगराचा आहे असं वाटेना, इतका वर, आभाळाच्याही पलीकडं कुणीतरी ठेवलेला. पांढरं, पांढऱ्यावर निळी सावली, त्यावर ऊन. शिवराजनं लुकासला गाडी थांबवायला सांगितलं. तो खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिला. बर्फामुळं आवाज म्हणून नव्हता. स्वतःच्या कानातलं रक्त त्याला ऐकू येत होतं. काय सुंदर, काय सुंदर, एवढंच मनात येत राहिलं आणि डोळे भरून आले. लुकासनं गाडीतून विचारलं, "थंडी वाजते?" शिवराज म्हणाला, "नाही. माझ्या आईनं हे पाहायला पाहिजे." आणि बोलून गेल्यावर तोच चमकला, कारण गेल्या दहा वर्षांत काही सुंदर पाहून त्याला आई आठवली नव्हती.

लुकासची मावशी रेझी पंचाहत्तरीची होती. उंच, वाकलेली, तळहात फळकुटासारखे रुंद. तिचं लाकडी घर उताराला चिकटून होतं, आणि घराला लागून, एकाच छपराखाली, गोठा. घरात पाऊल टाकताच शिवराजला तो वास आला. गोठ्याचं दार स्वयंपाकघरात उघडत होतं. इथं उतरून जायला थांबा नव्हता. तो दारातच घुटमळला, लुकास मात्र कोट काढून सरळ भाकरीसारख्या काळ्या पावाकडं गेला, आणि पाव खाता खाता गोठ्याचं दार पायानं ढकलून म्हणाला, "या मावशीच्या राण्या." पांढऱ्या, लांब कानांच्या, धिप्पाड मेंढ्या. हिवाळाभर त्या आतच असतात. रेझी त्यांच्यातून वाट काढत गेली, जाता जाता एकेकीच्या कपाळावर बोटाचं पेर टेकवत. पारूबाई अशीच जाते. अगदी तसंच बोटाचं पेर, कपाळाच्या मधोमध, जणू मेंढी आहे ना जागेवर हे हातानंच पाहायचं. ही बाई माझ्या आईला कधी भेटली नाही, भेटणार नाही, मग हे हिला कुणी शिकवलं? जेवताना भिंतीवरचे फोटो दाखवत लुकास मावशीबद्दल भरभरून बोलत होता. उन्हाळ्यात ती एकटी वरच्या कुरणात राहते, एकदा म्हणे विजेच्या कडकडाटात सगळा कळप तिनं एकटीनं खाली आणला. बोलताना लुकासचा चेहरा फुलून आला होता. अभिमानानं माणूस किती देखणा दिसतो! रेझी मात्र 'पुरे कर' अशा अर्थानं चमचा हलवत होती. मग लुकासनं सहज विचारलं, "आणि तुझी आई काय करते?" शिवराज म्हणाला, "घरीच असते." सूप गरम होतं. त्यानं ते तसंच घशाखाली ढकललं.

रविवारी उजाडता उजाडता तो उठला. खिडकीत निळसर उजेड होता आणि गोठ्यातून एक बारीक, चिरका आवाज येत होता. हा आवाज कोणत्याही देशात एकच अर्थ सांगतो. कोकरू उपाशी आहे. तो खाली गेला तेव्हा रेझी एका मेंढीला अरुंद कप्प्यात अडवून उभी होती. मेंढीला जुळं झालं होतं. एकाला ती पाजत होती, दुसऱ्याला टक्कर मारून उडवत होती. दोन दिवस हेच चाललं होतं. रेझीनं तिला बांधून पाहिलं होतं, कसलासा फवारा मारून पाहिला होता. बाटली तोंडाशी धरली तर कोकरू मान फिरवत होतं. आता त्याचे पाय फाकायला लागले होते. लुकास डोळे चोळत आला आणि म्हणाला, "मावशी म्हणते, हे काही संध्याकाळ पाहत नाही." शिवराज कठड्याला धरून उभा होता. त्याला माहीत होतं, यावर काहीतरी करतात. लहानपणी त्यानं ते पाहिलं होतं, आई काहीतरी चोळायची, कुत्र्याला हाक मारायची. पण काय, कोणत्या क्रमानं, ते त्याच्या डोक्यातून साबणानं धुऊन गेलं होतं. मोबाइल त्याच्या हातात कधी आला ते त्याला कळलं नाही. इथं आठ वाजले होते, तिकडं साडेबारा. मेंढरं दुपारची बसली असतील.

पडद्यावर आधी एक बोट दिसलं, मग लिंबाच्या झाडाचा शेंडा, मग पारूबाई. डोक्यावरून घोंगडी, कपाळावर ऊन. "शिवा? का रं, बरा हाईस ना?" तिनं आधी ते विचारलं. तिला वाटलं असणार, बेपाऱ्याचं सांगायला फोन केला. शिवराजनं मोबाइल मेंढीकडं वळवला. मग पारूबाईचा आवाज बदलला. तो आवाज पुंडलिकनगरच्या फ्लॅटमध्ये कधी ऐकू आला नव्हता.

"किती दिस झाले?"

"दोन. फवारासुद्धा मारून पाहिला."

"दोन दिस! अन् आत्ता इचारायलास व्हय. ते फवारं-बिवारं पुसून काढ आदी, कोमट पान्यानं. आता तिचीच धार काढ, वंजळीत. काढता येती का इसरलास?"

लुकास बघत राहिला. शिवराजनं बाह्या सारल्या, मोबाइल रेझीच्या हातात दिला आणि पेंढ्यात गुडघे टेकले. पंधरा वर्षांत त्या हातांनी की-बोर्ड बडवला होता, यंत्रांची मापं घेतली होती. अंगठा आत, चार बोटं बाहेर. पहिली धार चुकून बाहीवर गेली आणि दुसरी तळहातावर पडली, गरम. पारूबाई सांगत होती, तो करत होता. "कोकराच्या शेपटाखाली चोळ. टाळक्यावर चोळ. उरलं ते तिच्या नाकाला लाव. आता मीठ. जाडं मीठ हाय का त्या बाईकडं? पाठीवर चोळ त्याच्या. ती चाटल. चाटली की झालं." आणि मग, "कुत्रं हाय का घरी?" लुकासनं कुत्र्याला आणलं. "दारातच उभं करा. आत येऊ दिऊ नगा. कुत्रं बघून तिला येतंय ध्यानात, हे माझं हाय म्हनून." मेंढीनं कुत्रा पाहिला. पाय आपटला. पुन्हा आपटला. मग एक पाऊल मागं सरली आणि कोकरू आपसूक तिच्या पोटाखाली आलं. तिनं मान वळवली, नाक त्याच्या शेपटीशी नेलं. मेंढी चाटू लागली. चाटता चाटता तिच्या घशातून तो आवाज निघाला, फक्त पिलासाठी असतो तो, खोल आणि घोगरा. कोकराची शेपटी थरथरायला लागली. याचा अर्थ दूध लागलं.

रेझीनं मोबाइल स्वतःच्या तोंडासमोर धरला होता. दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडं पाहत होत्या. रेझी आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. पारूबाई म्हणाली, "व्हय बाई. पयलटकरीन हाय, तिला तरी काय कळतंय." रेझीनं मान डोलावली, सगळं समजल्यासारखी. मग पारूबाईनं हुकूम सोडला, "शिवा, भंडारा लाव त्याला. तुझ्या ब्यागेत हाय पुडी, मी टाकली हुती." पुडी होती. विमानतळावर ती सापडली तेव्हा तो घाबरून गेला होता, या पिवळ्या पुडीचं काय सांगायचं म्हणून. मग मोज्यांच्या जोडीत खुपसली होती, आणि तीच जोडी तो इथं घेऊन आला होता. त्यानं वर जाऊन ती आणली आणि आल्प्सच्या त्या कोकराच्या कपाळावर खंडोबाचा भंडारा लावला. पिवळा ठिपका. रेझीनं आपलंही कपाळ पुढं केलं. लुकासला हसू आवरेना. "आणि तू म्हणतोस तुझी आई घरीच असते?"

"खोटं बोललो," शिवराज म्हणाला. "ती मेंढरं राखते. आम्ही धनगर. मी तिच्या कळपात वाढलो." हे इतकं सोपं वाक्य होतं. त्यानं ते चार वेळा मनात म्हणून पाहिलं. लुकास मावशीला ते सांगत होता आणि ऐकताना म्हातारी शिवराजचा दुधानं चिकट झालेला हात सोडत नव्हती. तिनं काहीतरी विचारलं. लुकास म्हणाला, "ती विचारते, तुझ्या आईचं वय झालं, आणखी किती वर्षं मेंढ्या ठेवणार म्हणते ती?" लुकास आपणहूनच पुढं बोलला, "हिला मी दर वर्षी बर्फ पडायच्या आधी विचारतो. मावशी, यंदा ठेवायच्या? ती म्हणते ठेवायच्या, मग मी गवत आणून टाकतो. ज्या वर्षी नाही म्हणेल त्या वर्षी मेंढ्या न्यायला गाडी आणीन."

शिवराजनं मोबाइल घेतला आणि गोठ्याबाहेर आला. समोर तो डोंगर, कालचाच, उन्हात. पण आता तो डोंगराकडं पाहत नव्हता. पारूबाईच्या मागं मेंढरं उठायला लागली होती, काळी, धुळकट, त्याची ओळखीची. कानतुटी, भुरकी, तिची ती म्हातारी चांदी. तिकडं एक वाजत आला होता. तीन तासांनी टेम्पो.

"माय," तो म्हणाला. "तुला इकायच्यात का?"

पारूबाई त्याच्याकडं बघत राहिली. वाऱ्यानं घोंगडीचं टोक तिच्या तोंडावर आलं ते तिनं बाजूला केलं नाही.

"एवढं इचारायला तुला तितक्या लांब जावं लागलं व्हय रं?"

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. "ऊन कलतंय," म्हणाली आणि मोबाइल बंद न करताच कमरेला खोचला. पडदा काळा झाला. पण आवाज येत राहिले. तिची काठी, तिचं ते दुखरं पाऊल, एक जोराचं, एक हळू. मग तिची हाक, "हुर्रर्र, हेऽऽ," आणि पाठोपाठ शेकडो खुरांचा धुळीतला आवाज, सगळा एकदम उठलेला. काय हाक होती ती! जन्मभर ऐकलेली ती हाक त्यानं कधी अशी कान देऊन ऐकली नव्हती. बर्फाच्या त्या अफाट शांततेत, मोबाइल कानाशी घट्ट धरून, शिवराज ती ऐकत उभा राहिला, टेकडीमागं रेंज जाईपर्यंत.

मग त्यानं पुंजारामला फोन लावला. तो निघायच्याच बेतात होता, टेम्पोत पेंढा अंथरून झाला होता.

"येऊ नका पुंजारामभाऊ. मेंढरं नाही द्यायची."

"का ओ? ठरलं हुतं की. काकू नाय म्हनल्या व्हय आता?"

"नाही," शिवराज म्हणाला. "तिला मी विचारलंच नव्हतं."